कच्च्या टाक्यावरची पिकअप

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर दोनच उपाय आहेत. एक तर ती करायचीच नाही, नाहीतर मला काही दिवस कुठेतरी लांब धाडायचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट शेजारच्या टेलर मास्तरांच्या अंगणात उघडते, यात माझा काही दोष नाही. घर बांधणाऱ्याने ती तिथे ठेवली, मी फक्त तिचा मान राखतो. घरात कुणालाही चहा नको असला तरी मी दिवसातून कितीदा तरी चहा करायला उठतो. आता आधण ठेवू नका, नुसतेच उभे राहा, गॅस तरी वाचेल, असं बायकोने मला केव्हाच सुनावून ठेवलं आहे.

तर त्या सकाळी मी असाच नुसता उभा होतो आणि मास्तरांच्या फाटकातून एक पिकअप गाडी आत आली. आली म्हणजे ओढून आणली. पुढे गॅरेजवाल्याची जीप, मध्ये दोरखंड आणि दोरखंडाच्या टोकाला ती. एक दिवा शाबूत, दुसऱ्याच्या जागी भोक. दार तारेने बांधलेलं. मागच्या हौद्यात गुडघाभर गवत, आणि त्यात एक पिवळं फूलसुद्धा. रंग कोणे एके काळी निळा असावा. आता सगळा गंजाचा कारभार. तिच्या मागून, गळ्यात टेप, कानावर खडू, हौद्याच्या कडेवर एक हात ठेवून मास्तर चालत येत होते. रुसून गेलेल्या माणसाची समजूत घालून त्याला घरी आणावं तसे.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या खिडकीकडेही पाहिलं आणि आत निघून गेल्या. मी चहाचं भांडं उगाच खळखळवलं.

आता मास्तर म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगतो. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. माणूस काडीसारखा; स्वतःच्या अंगावरचा शर्ट मात्र कधी मापाचा नाही. त्यांना लोकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, खांदे राहतात. रस्त्यात मागून येऊन सांगतील की तुमचा डावा खांदा उतरायला लागलाय, पिशवी उजव्या हातात धरत चला. समोरून गेलात तर ओळख दाखवणार नाहीत. आणि कुठलंही कापड कधी तयार होईल असं विचारलं की उत्तर एकच: परवा या. हा परवा कुठल्याच आठवड्यात येत नाही. माझ्या एका पँटचं कापड त्यांच्याकडे पडलंय, त्याविषयी मी पुढे बोलेनच. बोलल्याशिवाय मला थोडंच राहवणार आहे.

पण काम बघाल तर एक नंबर. त्याचं कारण दुकानातली वाटणी. मास्तर माप घेतात, कापतात आणि पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून कपडा उभा करतात. मग गिऱ्हाईकाची ट्रायल. इथे चिमटा काढ, तिथे सैल सोड, असं करत मास्तर खडूच्या खुणा करतात आणि कपडा मशीनवर बसलेल्या वहिनींच्या मांडीवर टाकतात. पुढचं सगळं वहिनींचं: पक्की टीप, काज, बटण, शेवटचा दोरा तोडण्यापर्यंत. मास्तरांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या हाताने एक कपडा शेवटाला नेला असेल तर शपथ. एकदा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक घाईघाईत ट्रायलचाच कोट अंगावर घालून भाषणाला गेले होते. पोरांना गप्प करायला त्यांनी उजवा हात वर केला आणि हात वर गेला, बाही खाली राहिली. पोरं गप्प झाली ती त्यामुळे.

बरं, गाडीकडे येतो. ती वहिनींच्या वडिलांची. ते लाकडी कपाटं, पलंग, टेबलं घरोघर पोचवायचे. वहिनी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून फिरायच्या आणि पाय पुरायला लागले तशा चालवायलाही लागल्या. पाय पुरायला लागले हेही खोटंच. पाठीशी दुमडलेलं पोतं आणि खाली दुसरं पोतं, असं करून त्या चालवायच्या. हे मला वहिनींच्या मावशींनी बेकरीच्या रांगेत सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी फक्त रांगेतला माझा नंबर त्यांच्या मागे घेतला होता.

वहिनींना एक थोरला भाऊ. हे मास्तरांचे मेव्हणे फरशीचे व्यापारी, आणि स्वभावानेही फरशीसारखेच: सपाट, चकचकीत, डाग पडला की लगेच पुसायचा. तरुणपणी एकदा वडिलांनी, टेकडीकडे जाणाऱ्या चढावर, गाडी त्यांच्या हातात दिली. मागे कपाटं लादलेली. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. वडिलांनी हँडब्रेक ओढला, मुलाला म्हणाले, उतर, आणि मुलीला म्हणाले, बस. तिने गाडी वर नेली. मेव्हण्यांनी त्या दिवसापासून त्या गाडीला बोट लावलं नाही. पुढे घर बांधलं ते मात्र नेमकं त्याच चढाच्या माथ्यावर. माणसाचं काही सांगता येत नाही.

वडील गेले आणि गाडी त्यांच्या जुन्या आवारात पडून राहिली. कागदावर ती दोघा भावंडांची. यंदा आवार रिकामं करायची वेळ आली तेव्हा मेव्हणे म्हणाले, भंगारात देऊ. वहिनी गप्प बसल्या. आणि आमचे मास्तर, ज्यांनी सासरच्या कुठल्याही बैठकीत आजवर पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडलेलं नाही, ते म्हणाले, मला द्या, मी उभी करतो.

मेव्हणे हसले. म्हणाले, ‘‘मास्तर, ही काय पँट आहे का, कंबर सैल करून द्यायला? बरं, न्या. उन्हाळ्यातला शेवटचा रविवार लक्षात ठेवा. दुपारच्या आत ती स्वतःच्या चाकांवर चढ चढून माझ्या फाटकाशी आली, तर छोटीची. नाही आली, तर भंगारवाला तुमच्या दाराशी.’’

छोटी म्हणजे वहिनी. पन्नाशी उलटली तरी भावाला छोटीच.

घरी आल्यावर वहिनींनी जाहीर केलं की त्या धुडाला त्या हात लावणार नाहीत. भिंतीवरून आमच्या हिच्याशी बोलताना त्यांनी कारणही सांगितलं. आशा लावून घ्यायची आणि मग भंगारवाला दोर बांधून नेताना बघायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं. बाबांना एकदा निरोप दिलाय तेवढा पुरे, असं म्हणाल्या. बायको आत येऊन मला म्हणाली, या गाडीवरून थट्टा करायची नाही. मी म्हटलं, बरं. आणि तिसऱ्या दिवशी सुरुवात केली.

कामाचीही वाटणी झाली. गॅरेजवाला मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. तो म्हणाला, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, चाकं हे सगळं माझं. जिवाशी खेळ असेल तिथे टेलर नको. उरलेला पत्रा, दारं, गादी, रंग हे मास्तरांचं. मास्तरांना एवढंच हवं होतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी गाडीचं माप घेतलं. बॉनेटची लांबी, हौद्याची रुंदी, दाराचा घेर. मी खिडकीतून विचारलं, छाती किती भरली? ते टेपवरून नजर न काढता म्हणाले, तुमच्यापेक्षा चार इंच जास्त, पोट मात्र तुमच्यापेक्षा कमी.

मग त्यांनी जुनी वर्तमानपत्रं मागून नेली. गंजून पडलेल्या प्रत्येक भोकावर कागद ठेवायचे, लोहचुंबकाने तो जागी धरायचे, खडूने आकार काढायचे आणि कात्रीने कापायचे. कापण्याआधी कागदाला इस्त्री. त्या कागदावरून पत्रा कापायचा. कापताना कडेला बोटभर पत्रा जास्त ठेवायचा आणि तो आत दुमडायचा, शर्टाचं खालचं टोक दुमडतात तसा. गॅरेजवाला वेल्डिंगला आला तेव्हा त्याने ती ठिगळं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, मास्तर, आज पहिल्यांदा पत्र्याने माझा हात कापला नाही. मास्तर खुलले. त्यांना कुणी चांगलं म्हटलं की ते कानावरचा खडू काढून दुसऱ्या कानावर ठेवतात.

घराची मात्र पार दैना झाली. सुटे भाग अंगणात ठेवले तर गंजतील म्हणून सगळे आत. जेवायच्या टेबलावर मडगार्ड. न्हाणीघराच्या दारात बॉनेट उभं. आत जाणाऱ्याने आडवं व्हायचं. पलंगावर दोन दिवे, शेजारी शेजारी उशीवर टेकलेले, पाहुणे येऊन झोपलेत असं वाटावं. वहिनी हे सगळं वळसे घालून जायच्या. एकाही भागाला बोट लावलं नाही. शब्दाला जागणारी बाई.

बोट लावलं नाही, पण तोंड कुठे बांधलं होतं? मास्तर बॉनेट बसवून बघत होते. वहिनी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या की उजव्या बाजूने ते वर राहणारच, बाबा तिथे खाली चामड्याचा तुकडा घालायचे. एवढं बोलून आत गेल्या. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती, आणि आतून, घरच्या मशीनच्या खडखडाटावरून, वहिनींचा आवाज आला की एक सिलिंडर मारत नाहीये. गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला, प्लग काढून पाहिला आणि बदलला. मग गाडी खरंच वेगळी बोलायला लागली. मी माझ्या खिडकीतून अजून एक गोष्ट पाहिली, ती आजवर कुणाला सांगितली नाही. म्हणजे बायकोला, बेकरीवाल्याला आणि वहिनींच्या मावशींना सोडून. मास्तर दुकानात गेले की वहिनी दारातल्या पायरीवर येऊन बसायच्या. हातात काहीतरी निवडायचं घेऊन बसायच्या, पण निवडायच्या काही नाहीत.

रंगाचा किस्सा तर दुकानदार अजून सांगतो. मूळचा निळा कुठला हे कळत नव्हतं. मास्तरांनी आतला एक पत्रा सोडवला, त्याच्या मागे थोडा जुना रंग जिवंत होता. मास्तर दुकानातून दोऱ्यांच्या रिळांची अख्खी पेटी घेऊन आले, एकेक रीळ लावून पाहिलं आणि जुळलेलं रीळ खिशात घालून रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर विचारला. यांनी काउंटरवर रीळ ठेवलं.

गादी तर मास्तरांच्या हातचीच. जाड कापड, कडेला पांढरी गोट, आत अस्तर. प्रत्येक वस्तूला खिसा लावायची त्यांना खोडच आहे. चालकाच्या दाराला आतून एक छोटा खिसा लावला, लांबट. मी विचारलं, यात काय ठेवणार, सुया? ते म्हणाले, ठेवणारा ठेवेल. आणि ती सीट बसवली ती अशी पुढे आणि अशी वर, की गॅरेजवाला हसायलाच लागला. मास्तर, तुमचे गुडघे स्टिअरिंगला लागतील, मागे घ्या. मास्तरांनी ऐकलं नाही. मोठा पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि ते चार बोल्ट असे आवळले की माझ्या खिडकीपर्यंत त्यांचं कण्हणं ऐकू आलं. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. उन्हाळाभर त्यांना पान्यावर एवढा जोर लावताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शेवटचा रविवार उजाडला. सगळे भाग घरातून अंगणात आले आणि अंगणातून गाडीवर गेले. खरं सांगतो, गाडी अशी दिसत होती की मला माझ्या स्कूटरची लाज वाटली. गॅरेजवाल्याने ब्रेक पुन्हा तपासले, चाकांचे बोल्ट तपासले आणि विचारलं, मास्तर, बॉडीचं सगळं झालं ना? मास्तर म्हणाले, माझं सगळं झालं. गॅरेजवाल्याने मान डोलावली. बिचारा मोटारींचा माणूस. टेलरच्या तोंडी ‘माझं झालं’ म्हणजे काय, हे त्याला कुठून कळणार?

निम्मी गल्ली फाटकात जमली होती. आम्ही सगळे धरून चाललो होतो की मास्तर चालवणार. मास्तरांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि ट्रायलच्या खोलीचा पडदा धरतात तसे ते दार धरून उभे राहिले. मग पायरीवर बसलेल्या वहिनींना म्हणाले, ‘‘ये. बस.’’

‘‘मी कशाला? तुम्ही चालवा की.’’

‘‘मला कुठे येते चालवायला?’’

मग सगळ्यांना एकदम आठवलं की या माणसाला आपण सायकलवरसुद्धा कधी पाहिलेलं नाही. बेकरीवाला माझ्याकडे बघायला लागला, जणू ही बातमी माझ्याकडे आधी नसणं हा माझा गुन्हा होता. होताच.

वहिनी हळूहळू उठल्या. हात फडक्याला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले आणि गाडीत चढल्या. पाय सरळ क्लचवर गेला. पाठ टेकली. हात स्टिअरिंगवर, कोपर मोकळं, नजर बॉनेटच्या बरोबर वरून. खाली पोतं नाही, पाठीशी पोतं नाही. त्यांनी चष्म्याचं घर ठेवायला जागा शोधली आणि हात आपोआप दारातल्या त्या लांबट खिशावर गेला. घर आत गेलं, सुईच्या अग्राएवढीही जागा उरली नाही. वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, ‘‘बसा लवकर. दादा घड्याळ लावून बसला असेल.’’

मास्तर शेजारी बसले. मी हौद्यात चढलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण एक साक्षीदार लागतोच.

गाडी फाटकातून निघाली ती लोण्यातून सुरी निघावी तशी. कित्येक वर्षांनी हात पडत होता वहिनींचा, पण गिअर असे पडत होते की जणू कालच गाडी उभी करून आल्या होत्या. लोक हात हलवत होते. केशकर्तनालयासमोर टण असा आवाज आला. मी मागे पाहिलं तर रस्त्यात एक गोल आरसा पडला होता, हुबेहूब आपल्या गाडीसारखा. मी म्हटलं, असेल कुणाचा.

बेकरीसमोर गतिरोधक आहे. गाडी त्यावरून हलकेच गेली आणि पुढचा बंपर गतिरोधकापाशीच थांबला. बेकरीवाला नुकताच सायकलवरून मागे येऊन पोचला होता. त्याने तो उचलून खांद्यावर घेतला. आता मात्र मी केबिनच्या मागच्या काचेवर थापा मारल्या. वहिनींना वाटलं, मी वाहवा करतोय. त्यांनी आरशात बघून हात हलवला. म्हणजे जिथे आरसा होता तिथे बघून. मास्तर तर दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे अर्धे मिटून बसले होते. वळणावर एक मडगार्ड उतरलं. शाळेपाशी हौद्याचा मागचा फाळका निघाला, मी त्याला टेकून बसलो होतो. मी स्टेपनीच्या चाकाला मिठी मारली आणि जे काही आठवेल ते सगळं पुटपुटायला लागलो.

चढ सुरू झाला आणि बॉनेट फडफडायला लागलं. तेव्हा कुठे वहिनींना शंका आली. हे सगळं मी मागच्या काचेला कान लावून ऐकलंय, त्यामुळे शब्दन्‌शब्द खरा आहे.

‘‘अहो, बोल्ट पिळले होते का तुम्ही?’’

‘‘घातलेत की सगळे. हाताने. कच्चे.’’

‘‘कच्चे?’’

‘‘आज ट्रायल नाही का? ट्रायलच्या आधी पक्की टीप कोण घालतं? आणि पक्कं तर तू करतेस.’’

या माणसाने आयुष्यभर जसं काम केलं तसंच हेही केलं होतं, आणि ज्या हाताने ते पुरं व्हायचं तो हात वहिनींनी उन्हाळाभर मागे घेतला होता. आता अर्धा चढ आला होता, भावाची गाडी जिथे बंद पडली ती नेमकी जागा. इथे थांबलं तर पुन्हा उचलेल की नाही, कुणी सांगावं. थांबलं नाही तर बॉनेट उडून काचेवर.

‘‘मी थांबणार नाही,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्ही उतरा आणि ते बांधा.’’

गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढत होती. मास्तरांनी दार उघडलं, उतरले, आणि दारही त्यांच्याबरोबर उतरलं. त्यांनी ते अदबीने कडेच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि गाडीच्या बरोबरीने, एक हात बॉनेटवर ठेवून धावायला लागले. बांधायला काय आहे? त्यांनी गळ्यातला टेप काढला. मी त्यांना टेपशिवाय कधीच पाहिलं नव्हतं. मान अगदी पोरकी दिसत होती. टेप बॉनेटच्या कडीतून घेतला, खाली बंपरच्या रिकाम्या खाचेत अडकवला आणि गाठ मारली, कच्ची नव्हे. इंजिन घरघरत होतं, मास्तर धापा टाकत होते, मी मागे पुटपुटत होतो आणि वहिनी पाय तसूभर न हलवता गाडी वर काढत होत्या.

मेव्हणे फाटकाशी उभे होते. पांढरी पँट, हातात घड्याळ, शेजारी भंगारवाला. दुपार व्हायला अजून थोडा अवकाश होता. गाडी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. एक दार, एक मडगार्ड, बॉनेटला टेपची गाठ, बाजूला धापा टाकणारे मास्तर आणि मागे स्टेपनीला बिलगलेला मी.

मेव्हण्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ‘‘छोटे, ही गाडी आली की गाडीचा सांगाडा?’’

‘‘अट काय होती, दादा? स्वतःच्या चाकांवर, चढ चढून. मोज चाकं.’’

मेव्हण्यांनी खरंच मोजली. भंगारवाला मध्येच म्हणाला की पत्रा तर नवा दिसतोय. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपली वजनकाट्याची दोरी गुंडाळायला लागला.

एवढ्यात चढावरून आमची गल्ली वर आली. पुढे बेकरीवाला, खांद्यावर बंपर. मागे मुख्याध्यापक, दोन्ही हातांत मडगार्ड, चेहऱ्यावर बाही गेली होती त्या दिवसाचेच भाव. केशकर्तनालयवाला आरसा घेऊन, चालता चालता त्यात भांग बघत. गॅरेजवाला जीपमध्ये फाळका आणि दार घालून, आणि तोंडाने सारखं एकच: झालं म्हणाले होते, झालं म्हणाले होते. मेव्हणे ते बघत राहिले. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग तो सपाट माणूस फाटकाला धरून असा हसायला लागला की आतून त्याची बायको धावत आली.

वहिनी गाडीतून उतरल्या. गॅरेजवाल्याच्या पेटीतून पाना उचलला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाल्या, ‘‘आणा इकडे. काज-बटण माझं.’’

आरशापासून सुरुवात केली. एकेक बोल्ट, आधी बोटाने, मग पान्याने, मग शेवटचा एक पीळ कोपरापासून. कपड्याचा दोरा दाताने तोडतात तसं प्रत्येक बोल्टपाशी क्षणभर थांबायच्या. मडगार्डच्या वेळी खालून नट धरायला कुणीतरी हवं होतं. मास्तर धापा टाकत होते, मी म्हटलं माझी कंबर. मेव्हणे पांढऱ्या पँटसकट गाडीखाली शिरले. वरून बहीण पिळत होती, खालून भाऊ धरत होता आणि गाडीच्या पत्र्यातून दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. आयुष्यात एकदाच माझ्या कानांनी दगा दिला. इंजिन तापून टकटकत होतं, मला काही ऐकू आलं नाही. बाबा, पोतं, एवढे दोन शब्द कळले. मेव्हणे बाहेर आले तेव्हा त्यांच्या पँटवर ग्रीसचा डाग होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

सगळं पक्कं झाल्यावर वहिनींनी किल्ली भावाच्या हातात दिली. म्हणाल्या, खाली तू ने.

मेव्हणे बसले आणि त्यांचे गुडघे थेट स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. हनुवटी जवळजवळ गुडघ्यावर. त्यांनी सीट मागे घ्यायला खालून चाचपून पाहिलं, हिसडा दिला, दुसरा दिला. सीट जागची हलेना. त्यांनी मास्तरांना विचारलं की सगळी गाडी जर कच्ची होती तर ही एकटी सीट अशी कशी काय घट्ट?

मास्तरांनी बॉनेटवरचा टेप सोडवून पुन्हा गळ्यात घातला होता. ते म्हणाले, ‘‘तिला ट्रायल लागत नाही. ते माप मला पाठ आहे.’’

वहिनी तेव्हा पाने पेटीत ठेवत होत्या. एक पाना त्यांनी दोनदा ठेवला.

मेव्हणे तसेच, गुडघे कानाला लावून, गाडी खाली घेऊन आले. चढाच्या मध्यावर, त्याच जागी, गाडी एकदा बंद पडली. शेजारी बसलेल्या वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मेव्हण्यांनी पुन्हा सुरू केली आणि गाडी निघाली. हौद्यात आम्ही सगळे होतो, मुख्याध्यापकांसकट, आणि फाळक्याला टेकून बसायला मी आता घाबरलो नाही.

आता दुकानाचं कापड बाजारातून वहिनीच आणतात, पिकअपमधून, एकट्या. मास्तर कधी शेजारी बसतात, डोळे अर्धे मिटून. मेव्हणे रविवारी येतात, सीटची तक्रार करतात आणि फेरी मारून जातात. त्यांनी मास्तरांना सीट थोडी मागे घ्यायला सांगितलंय. मास्तर म्हणाले, परवा या.

आणि हो, माझी पँट मिळाली. वहिनींनी गाडी थांबवून खिडकीतूनच आत फेकली. मी लगेच घातली आणि चहाला उभा राहिलो. मग मला दिसलं की शिवणीवर पांढरा दोरा आहे. तेव्हापासून मी उभाच आहे.